दादाची शपथ

आमच्या घरात देवाला कुणी फारसं घाबरत नसे, शपथेला मात्र सगळे घाबरत. आई तर शपथेवरच घर चालवायची. "माझी शपथ आहे, एवढा भात संपव." "बाबांची शपथ, टोपी घातल्याशिवाय बाहेर पाय ठेवू नको." नागपूर सोडून कॅनडात, ओटावाजवळच्या कनाटात आलो तेव्हा आईला तिचा खलबत्ता आणता आला नाही, तिची शिवणाची मशीन आली नाही, पण ही सवय आली. माझी धाकटी बहीण केतकी तेव्हा पहिलीत होती आणि मी सहावी संपवून आलो होतो. शाळेनं तिचं मराठी हळूहळू काढून नेलं. आधी 'ळ' गेला, मग आईच्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर यायला लागलं, मग नागपूरच्या आजीशी फोनवर बोलताना ती माझ्याकडे बघून ओठांनी विचारायची की आता काय म्हणू. शपथ तेवढी राहिली. "आय प्रॉमिस" ती दिवसभर म्हणायची आणि विसरून जायची. पण गळ्याची कातडी दोन बोटांत धरून "गळ्याशपथ" म्हटलं, की तिचा चेहरा मोठ्या माणसासारखा होई.

त्या शपथेचे नियम सगळ्या मुलांना माहीत असतात तेच होते. ज्याची शपथ घातली, तो शपथ मोडली तर मरतो. आणि ज्यानं घातली त्यानं "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. आमच्या रस्त्यावर, आमच्या शाळेत हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते आम्हाला आमचं दोघांचंच वाटायचं. एका हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना माझ्या फावड्याचा दांडा बाबांच्या गाडीच्या आरशावर बसला. केतकी शेजारीच बर्फात लोळत होती. मी तिथल्या तिथे "दादाची शपथ, सांगायचं नाही" म्हणून मोकळा झालो. संध्याकाळी बाबांनी विचारलं, आणि तिची घसरगाडी तिथेच पडलेली दिसल्यामुळे सगळा आळ तिच्यावर आला. तिचं शनिवारचं पोहणं बंद झालं. ती रडली, हुंदके देऊन रडली, पण बोलली नाही. शेवटी मलाच राहवेना. बेसमेंटमध्ये जाऊन मी "सुटली" म्हटलं. तशी ती उठली, डोळे पुसले, तडक जिना चढून वर गेली आणि बाबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं, फावडं कुठल्या हातात होतं ते धरून. "मग इतके दिवस का नाही सांगितलंस?" बाबा म्हणाले. "तेव्हा नव्हतं सांगता येत," ती म्हणाली. बाबांना माझ्यावर रागवायचं सुचलंच नाही, ते इतके हसले. "वकील होणार ही," म्हणाले.

बाबा एका टेलिकॉम कंपनीत होते. ती कंपनी आटत चालली होती आणि दर काही महिन्यांनी ओळखीचं एखादं घर विकायला निघत असे. आमचं टिकलं. त्या घराचे आवाज मला अजून येतात: फर्नेस सुरू होतानाची धाप, आईच्या तव्यावरच्या उलथन्याची खरखर आणि बेसमेंटमधून केतकीचं क्लॅरिनेट. शाळेच्या बँडमध्ये तिला व्हायोलिन हवं होतं, ते संपलं म्हणून क्लॅरिनेट मिळालं आणि त्यावर ती रुसण्याऐवजी भाळली. पहिलं वर्षभर त्यातून नुसत्या किंकाळ्या यायच्या. बाबा त्याला भोंगा म्हणायचे. "केतू, भोंगा झाला, कामगारांना जेवायला सोड आता!" आई रविवारी सांबारवड्या करायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ग्रोसरीतून तिच्या जुड्यांच्या जुड्या यायच्या, सिंकमध्ये धुतल्या जायच्या, जुन्या टॉवेलवर पसरल्या जायच्या, आणि सगळ्या घराला तो हिरवा वास लागायचा. केतकी वडीचं आवरण काढून फक्त आतलं सारण खायची आणि आवरणं माझ्या ताटात टाकायची. मी ओरडायचो आणि खायचो.

तिला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. हा शब्द मी इथे सहज लिहिला, पण आमच्या घरात तो कुणी उच्चारला नाही. आई फोनवर "केतूला बरं नाही" म्हणायची, बाबा "ट्रीटमेंट चालू आहे" म्हणायचे, आणि आजीला तर शेवटपर्यंत अशक्तपणाच सांगितला होता. केतकीला मात्र हॉस्पिटलातल्या नर्सेसनी पहिल्या आठवड्यातच चित्रं काढून सगळं समजावलं होतं. ती जेवताना खुशाल म्हणायची, "माझ्या ल्युकेमियाला आज तिखट नकोय." आई तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवायची आणि म्हणायची, "जेवताना नाही, बेटा." आम्हाला वाटायचं की आपण तिला जपतो आहोत. आता वाटतं, त्या टेबलावर एकटी तीच खरं बोलत होती आणि आम्ही तिघं पाणी पीत होतो.

औषधांनी ती बरी झाली. केस आले, आधी होते त्याहून कुरळे. ती परत बँडमध्ये गेली. आणि ती पंधराची झाली त्या हिवाळ्यात ते परत आलं.

त्या दिवशीची मीटिंग मला नीट आठवते. मी तेव्हा युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होतो, क्लास सोडून बसनं आलो होतो. डॉक्टर उंच, पिकल्या केसांची बाई होती. ती बाबांकडे न बघता केतकीकडे बघून बोलत होती आणि बाबांच्या रागाची सुरुवात तिथूनच झाली. तिनं सांगितलं की दोन रस्ते आहेत. एक म्हणजे टोरांटोला जाऊन परक्या माणसाची अस्थिमज्जा भरून घ्यायची, त्यासाठी आधी फार कडक औषधं, मग कित्येक आठवडे बंद खोली, आणि एवढं करून गुण येण्याची शक्यता थोडीच. दुसरा म्हणजे घरी राहायचं, दुखणार नाही याची काळजी ती घेईल, नर्स घरी येईल. "थोडीच म्हणजे?" केतकीनं विचारलं. डॉक्टरनं तेही लपवलं नाही. केतकीनं मांडीवरच्या टोपीचा गोंडा थोडा वेळ चाळवला आणि म्हणाली, "देन आय वॉन्ट टु गो होम." मग आईला कळलं नसेल असं वाटून की काय, तिच्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आई, मी नाही म्हणतेय."

"शी इज फिफ्टीन," बाबा म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढला. डॉक्टर शांतपणे म्हणाली की इथे असा निर्णय घ्यायला वयाची अट नाही. आपल्याला काय झालंय, काय केलं तर काय होईल आणि नाही केलं तर काय होईल हे तिला समजतं की नाही, एवढंच बघायचं असतं. आणि केतकीला ते समजतं. "तुम्ही तिच्याशी जरूर बोला," ती म्हणाली, "पण उत्तर तिचं असेल."

गाडीत बाबा स्टीअरिंगवर हात आपटून म्हणाले, "सोळा वर्षांची होईस्तोवर हे लोक पोरीला गाडीला हात लावू देत नाहीत, अन् मरायची परवानगी मात्र लगेच!"

"असं बोलू नका हो," आई म्हणाली.

"बाबा," मागून केतकी म्हणाली, "मी गाडीतच आहे."

पुढचे दिवस कुणी कुणाशी बोललं नाही असं नव्हतं, उलट फार बोलत होतो. हीटर वाढवू का, मोजे कोरडे आहेत का, पातोडीचा रस्सा पातळ झालाय का. बाबा ऑफिसातून वकिलांना फोन करत होते आणि सगळ्यांकडून तेच ऐकत होते. आईनं मला एका दुपारी ओट्यापाशी गाठलं. तिच्यापुढे सांबार निवडायला पडला होता आणि ती काड्या एकीकडे, पानं एकीकडे करत होती. "तू बोल न तिच्याशी," ती म्हणाली. "माझं ऐकत नाही, बाबांचं तर नाहीच. तुझं ऐकते ती." मी म्हटलं, काय बोलू. ती म्हणाली, "मला काय माहीत बाप्पा. काही कर, पण तिला हो म्हणायला लाव." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. काड्यांच्या ढिगात ती पानं टाकत होती हे तिच्या लक्षातही नव्हतं.

मी बाहेर जाऊन शोव्हल करू लागलो. बर्फ फारसा नव्हताच, मला हातांना काम हवं होतं. थोड्या वेळानं गॅरेजचं दार वर गेलं आणि केतकी बाबांचं जाडं जॅकेट घालून बाहेर आली. उन्हाळ्यातली घडीची खुर्ची उघडून ती दारात बसली. "यू मिस्ड अ स्पॉट," ती म्हणाली. हे ती नेहमीच म्हणायची.

"आईनं पाठवलं मला तुझ्याशी बोलायला."

"माहितीये. आय कॅन हिअर थ्रू द व्हेंट."

मग तिनंच सांगितलं. टोरांटोच्या त्या खोलीला म्हणे दोन दारं असतात, एक लावल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आईच्या हातचं काही आत नेता येत नाही. क्लॅरिनेट नाही. "आणि इट प्रॉबब्ली वोन्ट वर्क."

"प्रॉबब्ली म्हणजे नक्की नाही, असं नाही ना?"

"दादा, आय नो व्हॉट प्रॉबब्ली मीन्स." ती चिडली नव्हती. तिनं हनुवटीनं ड्राइव्हवेच्या कडेचा काळा पडलेला बर्फाचा ढीग दाखवला. "मला तो वितळताना बघायचाय. दरवर्षी सगळ्यात शेवटी तोच जातो, घाणेरडा. वरच्या खिडकीतून दिसतो. आणि स्प्रिंग कॉन्सर्टला जमलं तर एक गाणं. नाही जमलं तर बसून ऐकीन. दॅट्स इट. मी खूप विचार केलाय. तुम्हाला वाटतं मी घाबरलेय म्हणून नाही म्हणतेय. आय अ‍ॅम स्केअर्ड, पण म्हणून नाही."

एवढी साधी, एवढी नीट मागणी मी त्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. आणि मला राग आला. तो दुःखाचा होता असं म्हणून मी पुष्कळ वर्षं स्वतःला सोडवलं, पण खरं सांगायचं तर तो साधा राग होता. हिनं सगळं ठरवून टाकलं, त्यात मला कुठे विचारलं नाही, मी नंतर कसा राहीन याचा विचार केला नाही, असा. मी फावडं टाकलं. तिच्यापुढे बसलो. हातमोजा काढला, तिची दोन बोटं धरून माझ्या गळ्याला लावली आणि म्हणालो, "केतू, तुला दादाची शपथ. तू टोरांटोला हो म्हणायचं. आणि मी शपथ घातली हे कुणाला सांगायचं नाही."

तिनं हात काढून घ्यायला पाहिला. मी काढू दिला नाही. तिची बोटं गार होती.

"दॅट्स नॉट फेअर," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "यू डोन्ट इव्हन बिलीव्ह इन इट."

"तू मानतेस ना," मी म्हणालो.

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यावर बायकोलाही नाही. दुसरं काहीही मी त्या दुपारी बोललो असतो, रडलो असतो, पाया पडलो असतो, तरी निर्णय तिचा राहिला असता. मी तिच्यातली एकच जागा शोधली जिथे ती नाही म्हणू शकत नव्हती, आणि ती जागा मला एकट्यालाच माहीत होती.

डॉक्टरनं आम्हाला बाहेर बसवून केतकीशी एकटीशीच बोलून घेतलं. दार उघडून आली तेव्हा ती जरा गोंधळलेली वाटली. "केतकीनं विचार बदलला आहे," डॉक्टर म्हणाली. "मी तिला वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं की कुणी दबाव आणला का, कुणी काही म्हटलं का, आईबाबांना बरं वाटावं म्हणून म्हणतेस का. ती म्हणते, नाही, माझाच निर्णय आहे." आईनं तिथेच खुर्चीवर हात जोडले. बाबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. त्या बाईचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मुलीचं म्हणणं निर्मळ राहावं म्हणून तिनं आईबापांना बाहेर काढलं, दार लावलं, शांतपणे विचारलं. पण आत केतकी एकटी नव्हतीच. गळ्याशपथ म्हणजे काय हे त्या बाईला कुणी सांगितलं असतं?

मला एक प्रश्न राहून राहून पडतो. ते औषध लागू पडलं असतं, आज केतकी कुठेतरी तिशीत असती, तिची पोरं मला मामा म्हणत असती, तर मी हे प्रकरण लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. उलट तिच्या लग्नात हसत हसत सांगितलं असतं की हिला मी शपथ घालून वाचवलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. म्हणजे माझी चूक तेवढीच राहिली असती आणि मला ती कधी दिसली नसती. या विचारानं मला जास्त भीती वाटते.

टोरांटोचं फार लिहिता येणार नाही. आई तिथेच राहिली, बाबा आणि मी येऊन-जाऊन होतो. दोन दारांची खोली केतकीनं सांगितली तशीच होती. पिवळा गाऊन, मास्क, हात धुऊन धुऊन फाटलेली कातडी. आई तिच्या शेजारी बसून तिला जेवणाचं वर्णन करून सांगायची, कारण द्यायला काही नव्हतं. आज वडाभात केला असता, त्यावर हिंगाचं तेल. केतकी डोळे मिटून ऐकायची. तिच्या तोंडात फोड आले होते, बोलणं जाड झालं होतं. एका दुपारी आई कॉफी आणायला खाली गेली तेव्हा ती मला म्हणाली, "दादा, सुटली म्हण ना."

मला ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, "काय?"

"सुटली म्हण. आय वॉन्ट टु टेल देम टु स्टॉप."

तेव्हाही वेळ होती. रोज सकाळी डॉक्टर येऊन तिला विचारायचे, केतकी, कसं वाटतंय, तुला काही सांगायचंय का. ती थांबा म्हणाली असती तर ते थांबले असते, तिला कदाचित घरीही आणता आलं असतं. एक शब्द होता. मी काचेतून बाहेर पाहिलं. बाबा पलीकडे गाऊनची नाडी बांधत होते आणि मला बघून त्यांनी अंगठा वर केला, काय, ठीक ना, अशा अर्थानं. मी म्हणालो, "थोडंच राहिलंय, केतू."

तिनं पुन्हा मागितलं नाही. काही दिवसांनी तिला श्वासाचं यंत्र लावलं, आणि मग मागायचा प्रश्न उरला नाही.

ती गेली तेव्हा आमच्या ड्राइव्हवेच्या कडेचा ढीग जाऊन गवत आलं होतं. ओटावाची डॉक्टर आम्हाला भेटायला आली. आईचे हात हातात घेऊन म्हणाली, हे लक्षात ठेवा, तो तिचा स्वतःचा निर्णय होता, ती लढायला स्वतःहून गेली. मी तिथे चहाचे कप घेऊन उभा होतो. तेव्हा बोललो नाही, आणि मग बोलण्याची वेळच निघून गेल्यासारखी झाली. कारण आईबाबांनी ते वाक्य उचललं आणि त्यावर ते जगले. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या घरी जेवायला, नवीन ओळख झाली की बाबा सांगायचे, "आमची केतकी फार धीराची. टोरांटोला जायचं तिनंच ठरवलं होतं." बाबा तीन वर्षांपूर्वी गेले, ते हेच खरं मानून गेले.

या हिवाळ्यात मी आईला सांगितलं. आई आता आमच्याजवळच, आमच्या काँडोत राहते. ती खिडकीपाशी बसून मटार सोलत होती. मी समोर बसलो आणि फावड्यापासून सगळं सांगितलं, तिची गार बोटं, माझं ते वाक्य, आणि "सुटली म्हण" सुद्धा. आईनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल की मीच तुला पाठवलं होतं, आणि कुठेतरी तिनं तसं म्हणावं अशी मी वाटही बघत होतो. ती फक्त म्हणाली, "म्हणजे तिला घरीच राहायचं होतं." मी हो म्हटलं. "शेवटपर्यंत?" मी हो म्हटलं. तिनं मांडीवरची सालं गोळा केली आणि आपल्या खोलीत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, तिच्याजवळ जे एक होतं तेही मी काढून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी खालच्या मजल्यावरचं नवं जोडपं चहाला आलं होतं. दोघंही पुण्याहून आलेली, पोरं म्हणावीत इतकी लहान. त्या मुलीनं भिंतीवरचा फोटो पाहून विचारलं, "आजी, ही कोण?" मी स्वयंपाकघरात होतो. मला पुढचं वाक्य पाठ होतं.

"माझी मुलगी, केतकी. पंधरा वर्षांची होती," आई म्हणाली. "डॉक्टरांनी तिला विचारलं होतं. ती नाही म्हणाली होती. आम्ही ऐकलं नाही तिचं."